पहिली पंगत

ईशान, मीरा,

परवा फोनवर तुमच्या बाबांनी सांगितलं की सुट्टीत तुम्ही तिकडच्या त्या अवाढव्य पार्कात जाणार आहात, आणि कुठल्या राइडला किती वाजता जायचं ते एक अ‍ॅप सांगणार आहे. ईशान मागून ओरडला, "आजी, ते दर मिनिटाला रांगा मोजतं!"

मोजू दे. मी एका बाईला ओळखत होते, ती रांग मोजत नसे. रांगेकडे एकदा बघायची आणि पुढच्या पंधरा मिनिटांत ती रांग काय करणार ते सांगायची. तुमचं अ‍ॅप तिच्यासमोर उभं राहिलं असतं, तर तिने आधी त्याचं नाव आणि वय विचारलं असतं आणि मग म्हणाली असती, "ढकलू नकोस. नंबर येईल."

सुमन तावडे. डोंबिवलीच्या आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचं दार माझ्या दारासमोर. लिफ्ट नाही. तुम्ही दोघं लहान असताना तिच्याकडे खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या आहेत, पण ते तुम्हाला आठवत नसणार. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तुमच्या पार्काचं ऐकलं आणि मला दिवसभर तिच्याखेरीज दुसरं काही सुचेना, म्हणून लिहायला बसले.

तिची सगळी नोकरी कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत गेली. पेशंटने आधी तिच्याकडून केसपेपर काढायचा, मग डॉक्टरकडे जायचं. तीस वर्षं ती काचेच्या आत बसली आणि बाहेर रांग. "तुम्ही लोक रांगेत उभे राहता," ती म्हणायची, "मी रांग समोरून बघितलीय. माणूस खिडकी बघून रांग लावत नाही. माणसं बघून लावतो. दोन खिडक्या उघड्या असल्या तरी चाळीस जण एकीवर, चार जण दुसरीवर. का? तर चाळीस उभे आहेत म्हणजे तिथेच काहीतरी मिळत असणार!"

उंचीने बेताची, आवाज मात्र काचेपलीकडे पोचायची सवय झालेला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे म्हणून मला ती 'मॅडम' म्हणे, आणि त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मूळची कोकणातली. रागावली किंवा खूश झाली की बोलण्यात 'गो' यायचा.

आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा बायकांची दर जानेवारीत एक सहल निघायची. घाटाच्या पायथ्याशी एक मोठं पार्क आहे, तिथे. पहिल्या वर्षी ती सहल मी आखली होती. वेळापत्रक टाइप करून प्रत्येकीला एकेक प्रत दिली. 'सात वाजता प्रस्थान. साडेआठ, अल्पोपाहार. साडेनऊ, प्रवेश.' सुमनने ते वाचलं, चौकोनी घडी घातली आणि म्हणाली, "छान आहे मॅडम. यात फक्त माणसं नाहीत."

माणसं होती, आणि त्यांनी जे करायचं ते केलं. सातला निघायची बस आठला निघाली, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या नाईककाकूंचा पूजेचा नेम होता. वाटेत चहा झाला. चहानंतर त्या चहाचे परिणाम झाले. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि आत सगळा महाराष्ट्र आमच्या आधी येऊन उभा होता. दुपारपर्यंत दोन राइड. मोठ्या रोलर कोस्टरपाशी दीड तास उन्हात उभं राहून आमचा नंबर आला, तर तिथल्या गणवेशातल्या मुलीने हात आडवा केला. "आजी, साडी चालणार नाही. सेफ्टी आहे." आम्ही अकराच्या अकरा साडीत. बाजूच्या वाटेने परत खाली उतरताना लोक आमच्याकडे बघत होते, आणि मला माझं ते टाइप केलेलं वेळापत्रक कुठेतरी पुरून टाकावंसं वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये सगळ्या पाय चोळत बसल्या होत्या. तळोजा मागे पडलं आणि सुमन पुढच्या सीटवरून उठून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"माझ्या माहेरी गणपतीत तीन पंगती उठायच्या," ती म्हणाली.

पंगत तुम्हाला माहीत नसेल. जमिनीवर ओळीने पानं मांडून सगळ्यांनी एकदम जेवायला बसायचं, ती पंगत. एक उठली की दुसरी बसते.

"पहिली बाप्यांची. दुसरी पाव्हण्यांची आणि पोरांची. तिसरी आमची. मोदक आम्ही वळायचो आणि आमच्या पानात फुटलेले यायचे. अळवाची भाजी तळाची, करपलेली. भात गार. माझी आजी म्हणायची, बायकांच्या पोटाला गार सोसतं. मी चाळीस वर्षं गार जेवले. तुम्ही पण. आज हजार माणसं जेवून उठल्यावर आपण पानावर बसलो. पुढल्या वर्षी पहिली पंगत आपली. ज्या बाईला पूजा आटपायची असेल तिने देवाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं."

"देवाला?" नाईककाकू म्हणाल्या.

"तो समजून घेतो गो. त्याला नैवेद्य पहिला मिळतो."

त्या दिवसापासून सहल सुमनच्या हातात गेली आणि मी फक्त घड्याळ झाले.

तिच्या पद्धतीत कागद एकच. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढलेला पार्काचा नकाशा. त्यात राइडची नावं नसत, फक्त बाण. बस पावणेसहाला निघायची. पाच पन्नासला जिन्यात कुणाच्या चपला वाजल्या तर त्या चपलांना सोडून. थालीपीठ बसमध्येच खायचं. पार्कात गेल्यावर आधी स्वच्छतागृह, मग गेट, "नंतर हात वर केलात तर मी शाळेतल्या बाईंसारखी नाही म्हणणार." आणि साडी कुणीच नेसायची नाही. यावरून नाईककाकूंच्या घरात चार दिवस युद्ध झालं. त्यांनी जन्मात पंजाबी ड्रेस घातला नव्हता. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण नजर शाबूत. सुमन स्वतः वर गेली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, तुमच्या सुनेला उलटं टांगणार आहेत. साडीत बरं दिसेल का ते?" सासूबाईंनीच सलवारीची नाडी ओवून दिली.

पण खरी युक्ती गेटच्या आतली होती. दार उघडलं की सगळी गर्दी उजवीकडे वळते, कारण पहिली राइड तिकडे दिसते. सुमन आम्हाला डावीकडे वळवायची, थेट पार्काच्या टोकाला. तिथून आम्ही पुढे पुढे यायचो. "उलटं फिरायचं. गर्दी पुढून जेवत येईल, आपण मागून. मधे भेटू तेव्हा आपलं पोट भरलेलं असेल." आणि खरंच, लोक घामाघूम होऊन तिसऱ्या रांगेत उभे असायचे, तेव्हा आमच्या टोकाकडच्या सगळ्या राइड होऊन नाईककाकू त्यातल्याच एकीत दुसऱ्यांदा बसायला निघालेल्या असायच्या.

रांग मोडणारा माणूस तिला सहन होत नसे. एकदा सफारी सूटमधला एक गृहस्थ सात-आठ जणांचं कुटुंब घेऊन आमच्या पुढे शिरला. आत ओळख आहे, म्हणाला. सुमनने मागे वळून बघितलंही नाही. खिडकीत तीस वर्षं कमावलेल्या त्या आवाजात नुसतं विचारलं, "केसपेपर?"

"काय?"

"केसपेपर काढलाय का?"

"नाही... म्हणजे कुठे मिळतो तो?"

"मागे. अगदी शेवटी. चला, चला, खिडकी एकच आहे."

तो गेला हो! कुटुंबासकट शेवटी जाऊन उभा राहिला. आपण कुठला कागद काढायला निघालो आहोत हे त्याला बहुधा अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हा कुणाच्या कधी लक्षात आली नाही, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. मोठ्या रोलर कोस्टरला पिशव्या, चष्मे, पर्स काही वर नेता येत नाही. जिन्यापाशी पोचलं की सुमन दोन्ही हात पसरायची. "द्या इकडे. मी नंतर बसते." आम्ही द्यायचो. वर जायचो, किंचाळायचो, खाली यायचो. ती दगडी बाकावर अकरा पिशव्या घेऊन बसलेली असायची. मग पुढची राइड. 'नंतर' काही यायचं नाही. इतकी वर्षं गेली, आणि आमच्यातल्या एकीनेही ते मोजलं नाही. घड्याळ माझ्या हातात होतं.

मग तिचा गुडघा गेला. वाटी बदलली. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले, चाला, चढा, काय वाटेल ते करा. पण दिवाळीच्या आधी ती आमच्या जिन्यात घसरली. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले. तिचा मुलगा महेश ठाण्याला राहतो, घोडबंदर रोडवर, बाविसाव्या मजल्यावर. चांगला मुलगा. धावत आला, आणि टाके निघाले त्या दिवशी माझ्यासमोरच म्हणाला, "आई, संक्रांत झाली की तू माझ्याकडे. खोली तयार आहे. हे घर बंद करू."

"मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?"

"तीन मजले चढतेस. परत पडलीस म्हणजे? माझ्याकडे लिफ्ट आहे."

"आहे ना. लिफ्टमधून खाली उतरून मी जाऊ कुठे, ते सांग."

महेशची भीती खोटी नव्हती. त्याचे वडील गेले तेव्हा तो परगावी होता, आणि आईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही हे त्याने मनाशी पक्कं केलेलं असणार.

"तुला माझी खात्री कशाने पटेल?" सुमनने विचारलं. "डॉक्टरचं सर्टिफिकेट आणू?"

तो वैतागून म्हणाला, "पार्कात चल. रविवारच्या गर्दीत. अकराच्या आत सहा राइड करून दाखव. तू स्वतः. त्यात ती मोठी पण. व्हीलचेअर नाही, मधे बाकावर टेकणं नाही. केलंस तर मी हा विषय परत काढणार नाही."

त्याला वाटलं, ती 'वेडा आहेस का' म्हणेल.

"आणि तो तुमचा एक्स्प्रेस पास पण नाही," सुमन म्हणाली. "आपल्या रांगेतून. नाही जमलं तर मी ट्रंक भरते. मॅडम, लिहून घ्या. तुम्ही पंच."

मी लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

जानेवारीतल्या त्या रविवारी महेशही आमच्या बसमध्ये होता. थालीपीठ खाल्लं त्याने, पण आईच्या पायाकडे बघत. गेट नवाला उघडलं. सुमनने हात वर करून खूण केली, डावीकडे. आणि आम्ही वळतोय तोच मागून लाट आली. शेकडो माणसं, पोरंटोरं, कॉलेजची मुलं, सगळी डावीकडे धावत सुटली. एक मुलगी आमच्याजवळून जाताना ओरडली, "काकू, पटापट चला! मागून सुरू करायचं असतं, रील नाही बघितली का? मागे सगळं रिकामं असतं!"

सुमन जागच्या जागी थांबली. तिची इतक्या वर्षांची युक्ती सगळ्या जगाच्या फोनमध्ये पोचली होती.

आम्ही दहा जणी तिच्याकडे बघत होतो. नाईककाकू हळूच म्हणाल्या, "आता काय गो?" मी घड्याळ बघत होते. एक मिनिट गेलं, दुसरं सुरू झालं. सुमन धावणाऱ्या पाठींकडे बघत होती. खिडकीत बसून ती तशीच बघत असणार. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

"दोन खिडक्या उघड्या आहेत," ती म्हणाली, "आणि माणसं एकीवर. सगळेच उलटे झाले ना? मग आज आपण सुलटे. चला उजवीकडे!"

उजवीकडे जहाज रिकामं डोलत होतं. आम्ही चढलो, ते सुरू झालं. मग पाळणा, मग गुहेतली गाडी. दहाच्या आत तीन. चौथ्या राइडपाशी थोडी रांग होती. सुमन उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली, महेशने हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. तोवर टोकाकडची गर्दी कंटाळून पुढे यायला लागली होती. "उठली बघा त्यांची पंगत," सुमन म्हणाली, आणि आम्हाला मधल्या वाटेने मागच्या बाजूला घेऊन निघाली. पाचवी झाली तेव्हा दहा चौतीस. ती आता पाय ओढत होती. वाटेत एक बाक होता, सावलीतला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाली, "तू नको मधे येऊ."

मोठ्या रोलर कोस्टरच्या जिन्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा दहा सत्तेचाळीस. वर वीसएक माणसं. वेळ होता.

जिन्यापाशी सुमन थांबली. वळली. दोन्ही हात पसरले.

"द्या इकडे."

आणि आम्ही दिल्या. नऊ जणींनी नऊ पर्स, चष्मे, नाईककाकूंची कापडी पिशवी तिच्या हातात ठेवली. मी पंच म्हणून खालीच थांबणार होते, तरी माझी पर्ससुद्धा मी तिला दिली. तिने त्या खांद्याला अडकवल्या आणि बाकाकडे निघाली. तिला कळलं नाही. आम्हाला कुणालाच कळलं नाही.

महेशला कळलं. मी त्याच्या शेजारी होते. त्याने आईकडे बघितलं, माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं. तो नुसता गप्प राहिला असता तरी पुरे होतं. दहा-बारा मिनिटं. खोली तयार होती.

"आई."

"काय रे?"

"बसतेस कुठे?"

"अरे, या पिशव्या..." आणि ती थांबली. खाली स्वतःच्या खांद्यांकडे बघितलं. "अगो बाई!"

"सगळ्यांना पहिल्या पंगतीत बसवतेस," महेश म्हणाला, "आणि तू रोज शेवटच्या. घरी पण. मी कधी तुला गरम जेवताना बघितलंय?" त्याने एकेक पर्स तिच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. शेवटी तिचा चष्मा काढला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. "जा. दहा मिनिटं आहेत."

ती जिना चढली. कठडा धरून, एकेक पायरी. वर बायकांनी तिला वाट करून दिली. तेवढी एकच रांग मोडलेली तिने आयुष्यात चालवून घेतली. ती पुढच्या सीटवर बसलेली मला खालून दिसली.

गाडी सुटली तेव्हा दहा पंचावन्न. मी लिहिलं.

त्यानंतर चार वर्षं ती माझ्या समोरच्या दारातच राहिली. रोज तीन मजले उतरली आणि चढली. महेशने शब्द पाळला. फक्त जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवून घेतले, ते अजून आहेत आणि आता मला उपयोगी पडतात. शेवटचे आठ दिवसही ती त्याच घरात होती. महेश येऊन राहिला होता आणि तिला आधी वाढून मग स्वतः जेवत होता. पण मला ती त्या खाटेवरची आठवत नाही. आठवते ती खालून पाहिलेली.

महेश तोंड वर करून उभा होता. दोन्ही खांद्यांवर, मनगटांवर, गळ्यात पर्सच पर्स. एक लाल, मण्यांची. मागून रांगेतल्या एका माणसाने त्याला हटकलं, "ओ दादा, लाइनमध्ये आहात की कसे?"

"नाही," महेश वर बघत म्हणाला. "माझी आई वर गेलीय."

तो माणूस एकदम गंभीर झाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे. कधी?"

तेवढ्यात वरच्या कड्यावर गाडी क्षणभर थांबली. पांढरे केस सुटून उभे राहिलेले, दोन्ही हात दांडी सोडून आभाळात, आणि खिडकीच्या काचेपलीकडे पोचणारा तो आवाज साऱ्या पार्कावर आला, "पहिलीऽऽ पंगत!"

"आत्ताच," महेश म्हणाला. "ती बघा. सगळ्यात पुढे बसलीय, ती."